तोंडातल्या टाचण्या

मास्तरीणबाईंच्या तोंडात टाचण्या असल्या की त्या बोलत नसत, आणि टाचण्या नसल्या की त्यांचं बोलणं थांबत नसे. यातलं काय सोसायला जास्त अवघड, यावर कारखान्यातल्या अकरा बायकांचं कधी एकमत झालं नाही.

कारखाना म्हणजे कोट शिवायची दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, आणि मास्तरीणबाई तिच्या मालकीण. खिडकीशी शिलाईची यंत्रं, मधोमध कापड बेतायचं टेबल आणि भिंतीलगत हातशिलाई करणाऱ्या चौघी. कुणी नवीन कामाला लागली की बाईंचा पहिला धडा ठरलेला. "हात दोनच आहेत. तिसरा हात म्हणजे तोंड! टाचण्या दातांत धरायच्या, दोरा दातांनीच तोडायचा. कात्री शोधत बसलीस तर शिवशील कधी?" त्या स्वतः एका वेळी बारा टाचण्या दातांत धरत आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

त्या सोमवारी काजवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्यासारखी बटणांची काजं त्या खोलीत कुणालाच जमत नसत, म्हणून तिला सगळ्या काजवालीच म्हणत. दोन्ही कानशिलं तिने बोटांनी दाबून धरली होती.

"बाई, डोकं फार ठणकतंय. आज जरा लवकर जाऊ?"

बाईंनी टाचण्या तळहातावर काढल्या. "परवा काय झालं होतं?"

"डोकंच."

"आणि गेल्या गुरुवारी?"

"डोकंच, बाई."

"चष्मा बदलून झाला. डोक्याचा फोटो काढून झाला. काय निघालं त्यात?"

"काही नाही. सगळं नॉर्मल म्हणाले."

"मग झालं तर! फोटोत नाही, रिपोर्टात नाही, मग आलं कुठून? ड्रॉवरमध्ये गोळ्या आहेत, एक घे आणि बस. शनिवारी चाळीस कोट द्यायचेत."

"सकाळपासून दोन घेतल्या."

यंत्रावरची एक जण हसली. "कोटांचं नाव काढलं की हिचं डोकं बरोबर दुखतं!"

झालं! बाईंच्या नाकावरचा राग शब्दांत उतरला. "ढोंगच करायचं असेल तर घरी बसून कर. उद्यापासून आली नाहीस तरी चालेल!"

काजवालीने सुई डबीत ठेवली, चष्मा पुसला आणि जिना उतरून गेली. दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू, एवढं घर त्या सुईवर चालत होतं. हे बाईंना ठाऊक होतं. तरीही त्यांनी तिला हाक मारली नाही.

बुधवारी कोटाच्या कॉलरचा दोरा तोडताना बाईंच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. आरशात पाहिलं, तर तोंड उघडायची लाज वाटावी असं रूप! दुपारी त्या मुकाट्याने दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीणबाई केस पिकलेल्या आणि सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि क्षणभर पाहून विचारलं, "शिवणकाम करता?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या दाताला दोऱ्याने खाच पाडली आहे. टाचण्याही तोंडातच धरता ना?"

"एका वेळी बारा!" बाई तेवढ्यातही ताठ झाल्या.

"बारा का होईनात. पण त्या पडू नयेत म्हणून तुम्ही दिवसभर दात आवळून बसता. बोटं कानशिलांवर ठेवा बरं. आता दात आवळा."

बाईंनी दात आवळले. बोटांखाली कानशील टरारून फुगलं. त्या दचकल्याच.

"हा चावायचा स्नायू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जबडा खाली असला तरी हा स्नायू पार कानशिलापर्यंत पसरलेला असतो. कानापुढे जबड्याचा सांधा असतो. हे दोन्ही दिवसभर ताणले की दुखतात, आणि माणसाला वाटतं डोकं दुखतंय. मग तो चष्मा बदलतो, डोक्याचा फोटो काढतो. तिथे काही सापडत नाही, कारण दुखणं तिथे नसतंच! तुमचं नशीब चांगलं, तुमच्या दाताचा फक्त टवका गेला. तुमच्याकडे कुणाचं डोकं दुखतं का?"

मास्तरीणबाई खुर्चीत पडल्या पडल्या गप्प झाल्या. टाचण्या नसताना त्या एवढा वेळ गप्प राहिल्याची ही पहिलीच खेप असावी.

"एक होती," त्या शेवटी म्हणाल्या. "मी तिला ढोंगी म्हणाले."

"सकाळी उठल्यावर दुखायचं? चावताना? जबड्यात कट्ट असा आवाज यायचा?"

बाईंना डबा खाणारी काजवाली आठवली. अर्धी पोळी टाकून ती उठायची, आणि बाई म्हणायच्या, "नखरे बघा!"

"मी विचारलंच नाही कधी," त्या म्हणाल्या.

दवाखान्यातून त्या थेट काजवालीच्या घरी गेल्या. तिने दार उघडलं आणि बाईंना पाहून पदर सावरला. टेबलावर दुधात भिजवलेल्या पावाची वाटी होती. तोंड नीट उघडत नव्हतं म्हणून हेच जेवण चाललं होतं.

"मी माफी मागायला आले आहे," बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"कशाला, बाई? तुम्ही बरोबरच बोललात." काजवाली खाली बघत राहिली. "रिपोर्टात काही नाही, घरात कुणाला दिसत नाही. आता मलाच वाटायला लागलंय, मी खरंच ढोंग करतेय की काय. दुखत असताना सुद्धा वाटतं!"

ते ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एखाद्याचं दुखणं वाढवणं वेगळं, आणि त्याचा स्वतःच्या दुखण्यावरचा विश्वासच काढून घेणं वेगळं! आपण दुसरं केलं, हे त्यांना तिथेच कळलं.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "तुझं दुखणं खरं आहे. मला वाटतं ते मीच तुला शिकवलंय."

डॉक्टरीणबाईंनी काजवालीला आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. जेमतेम दीड गेलं. कानापुढे हात ठेवून तोंड उघडायला लावलं, तर कट्ट! बाईंनाही तो आवाज ऐकू गेला.

"प्रत्येक डोकेदुखी जबड्यातूनच येते असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "पण हिची बरीचशी इथूनच येते आहे. आणि रोज रोज गोळ्या खाल्ल्या की त्या गोळ्यांनीसुद्धा डोकं दुखायला लागतं, हे कुणी सांगितलं होतं का?"

दोघींनी एकदमच नकारार्थी मान हलवली. ड्रॉवरमधलं ते गोळ्यांचं पाकीट बाईंनीच दर वेळी पुढे केलं होतं.

उपाय साधेच होते. मऊ खायचं, गरम शेक घ्यायचा, जबड्याचे हलके व्यायाम करायचे, झोपताना दातांवर प्लास्टिकची पट्टी बसवायची. "आणि दिवसभर एवढंच लक्षात ठेव, ओठ मिटलेले, दात सुटे. चावायचं नसेल तेव्हा वरचा दात खालच्या दाताला लागायलाच नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठ दिवसांत चमत्कार मागू नकोस. धीर धर."

गुरुवारी सकाळी मास्तरीणबाईंनी सगळी यंत्रं बंद करायला लावली. प्रत्येकीच्या मनगटाला टाचण्या खोचायची छोटी उशी बांधली, प्रत्येकीपुढे छोटी कात्री ठेवली. कुरकुर झालीच. "कामाला वेळ लागेल, बाई!" "सवय मोडत नाही हो!" लागला वेळ. बाईंनी गिऱ्हाइकाला फोन करून दोन दिवस वाढवून मागितले. ते म्हणाले, "सोमवारी द्या, काही बिघडत नाही." ज्या शनिवारसाठी एका बाईला घरी धाडलं, तो शनिवार एवढा स्वस्त निघाला!

दीड महिन्याने, भरपगारी विश्रांती घेऊन, काजवाली पुन्हा भिंतीलगतच्या आपल्या जागेवर बसली. बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. तुटका दात आता नीट करून घेतला होता.

"हिला मी खोटं ठरवलं होतं. खोटी मी होते. ज्याचं मला काही कळत नव्हतं, त्यावर मी निकाल दिला." मग काजवालीकडे वळून त्यांनी विचारलं, "आता कसं आहे?"

"एखाद्या दिवशी दुखतं अजून," काजवाली हसली. चांगलं तोंड भरून हसली! "पण ते कुठून येतं ते मला ठाऊक आहे. भीती गेली, बाई."

यंत्रावरची ती हसणारी उठली आणि काजवालीच्या हातातला कोट घेऊन म्हणाली, "आज बटणं मी लावते." माफी मागायची तिची तेवढीच हिंमत होती, आणि ती पुरली.

यंत्रं सुरू होणार, तोच कोपऱ्यातून इस्त्रीवर उभ्या असणाऱ्या मावशींचा आवाज आला. त्या खोलीतल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्या.

"बाई, माझ्या खांद्याचं सांगू का?"

"सांगा ना, मावशी. कधीपासून दुखतोय?"

"नऊ वर्षं झाली."

मास्तरीणबाईंनी स्वतःची खुर्ची उचलून मावशींपाशी नेली, त्यांना तीवर बसवलं आणि समोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "कुठे दुखतं ते दाखवा."

मंडळी, आपल्या घरात, कचेरीत, कारखान्यात अशी एक तरी मावशी असतेच. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आपल्याला अजून कारण सापडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा कुणी "दुखतंय" म्हणालं, तर ड्रॉवर उघडून गोळी पुढे करण्याआधी आणि "नाटक" हा शब्द तोंडातून काढण्याआधी, आपण निदान एवढं तरी विचारूया, "कुठे? कधीपासून?" आणि उत्तर येईपर्यंत थांबूया.