हात न लावणारं गाव

मागच्या खोलीत काहीतरी खरवडत होतं, आणि आतापर्यंत घरात त्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं.

वोरिसोआ चुलीपुढे बसून मक्याच्या भरडीत रताळ्याचे तुकडे टाकत होती. तिचा नवरा त्सिवेरी उंबऱ्यावर बसून कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होता. फळ्यांच्या भिंतीपलीकडून आवाज आला. सावकाश, नखाने लाकूड ओढल्यासारखा. थांबला. मग पुन्हा आला, आणि या वेळी दोन ठिकाणांहून.

"अहो, ऐकलंत?"

"वारा आहे."

"वाऱ्याला नखं कधीपासून फुटली?"

त्सिवेरीने मान वर केली नाही. "झेरारची सुकी चवळी आहे तिथे. उंदीर लागले असतील. आज संध्याकाळी ट्रक येतोय, घेऊन जाईल तो. मिटलं."

झेरार हा शहरातला व्यापारी. त्याने मागची खोली माल ठेवायला मागितली होती आणि भाडं म्हणून पाणी देऊ केलं होतं. दोन निळी पिंपं तो भरूनच घेऊन आला, आणि ट्रकच्या प्रत्येक फेरीला पुन्हा भरून देईन म्हणाला. मादागास्करच्या दक्षिण टोकाच्या या कोरड्या आंद्रुई मुलखात नदीची वाळू उकरून तांब्याभर गढूळ पाणी काढायला बायकांची सकाळ जाते. तिथे भरलेली पिंपं दारात उभी राहिली की माणूस फार प्रश्न विचारत नाही. वोरिसोआनेही विचारले नव्हते.

पण आज तिला राहवलं नाही. हात पुसून ती घराला वळसा घालून मागे गेली आणि दोन फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

आत पोत्यांवर पोती रचली होती, आणि पोती हलत होती. एका पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून एक पाठ बाहेर आली होती. काळीभोर, आणि प्रत्येक उंचवट्यापासून चहूकडे पिवळे किरण फाकलेले. जणू कोणी चांदण्या कोरून ठेवल्या होत्या.

कासवं! पोतीच्या पोती कासवं!

चटका बसल्यासारखा तिने भिंतीवरचा हात मागे घेतला. त्यांच्या कुळात कासव खायचं नसतं, मारायचं नसतं, त्याला हातही लावायचा नसतो. पूर्वजांनी घालून दिलेला निषेध तो. वाटेत कासव आडवं आलं तर माणूस थांबतो, त्याला जाऊ देतो, मग पुढे पाऊल टाकतो. चुकून हात लागलाच, तर कुळाच्या पूजेच्या खांबापुढे बोकड द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो माणूस पुन्हा पंगतीला बसतो.

ती घरात आली. "अहो, तुमच्या चवळीला पाय आहेत."

त्सिवेरीने कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मी हात लावलेला नाही. त्याच्या माणसांनी आणली, तेच नेतील. मी खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही, वोरिसोआ. दोष लागला तर त्यांना लागेल."

हे तो खोटेपणाने म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याचा चेहरा साफ होता. निषेध पाळणारा, वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणारा सज्जन माणूस! त्याने नियमाचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. आणि त्याच्याच भिंतीआड गावाच्या रानातली कासवं तहानेने भिंत खरवडत होती.

तेवढ्यात त्सिवेरीची थोरली बहीण हाओवा आली. विधवा, शेजारच्याच झोपडीत राहणारी, आणि गावात सगळ्यात तिखट जिभेची. डोक्यावर टोपली, टोपलीत फड्या निवडुंगाची लालबुंद बोंडं. झुडपाच्या काटक्यांची झाडणी घेऊन ती बोंडांवरची कुसळं झटकायला बसली. वोरिसोआने एका दमात सगळं सांगितलं.

हाओवाची झाडणी थांबली. "त्सिवेरी, पिंपभर पाण्यासाठी?"

"ताई, मी हात..."

"लावला नाहीस. ऐकलं मी. चल गं, वोरिसोआ, आजोबांकडे."

"टोपली तरी ठेवा, वन्सं."

"टोपली राहू दे. गावात शेळ्या काय कमी आहेत बोंडं पळवायला?"

कुळाचा पूजेचा खांब राखणारे लाहिमारो आजोबा चिंचेखाली चार-पाच पुरुषांसोबत बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"हात कोणी लावला?"

"व्यापाऱ्याच्या माणसांनी."

"मग आपलं गाव स्वच्छ आहे. त्यांना बाहेर काढायचं म्हणजे पोती उचलायची, कासवं धरायची. म्हणजे आपणच निषेध मोडायचा! उलटंच होईल ते, बाळ. परक्याचं पाप परक्याला."

पुरुषांनी माना डोलावल्या. आजोबांच्या शब्दापुढे या गावात शब्द नव्हता.

हाओवा मात्र टोपली मांडीशी घेऊन खाली बसली. "आजोबा, तुमच्या वडिलांच्या समाधीवर आपण पाय ठेवतो का?"

"काय बोलतेस हे!"

"हातही लावत नाही ना? बैलांची शिंगं मांडलीत, दगड रचलेत, आपण लांबूनच जातो. आता उद्या एक परका आला आणि समाधीचे दगड गाडीत भरायला लागला. तुम्ही काय कराल? 'आपण कधी हात लावत नाही, आपण स्वच्छ आहोत' म्हणून इथे चिंचा चोखत बसाल?"

एकाला हसू आलं, पण आजोबांकडे पाहून त्याने ते गिळलं.

"हात लावायचा नाही असं पूर्वजांनी सांगितलं, ते आपले हात सोवळे राहावेत म्हणून का?" हाओवाचा आवाज आता खाली आला होता. "कासव रानात राहावं म्हणून सांगितलं. पूर्वी रानाजवळ फक्त आपलेच हात होते, आपण लांब राहिलो की पुरत होतं. आता बाहेरचे हात आलेत. आपण लांब राहतो, म्हणून तर त्यांना हे गाव सोयीचं पडतं, आजोबा! अख्ख्या मुलखात असा पहारेकरी मिळेल का, जो चोराला खोली देतो आणि वर तोंड फिरवून उभा राहतो?"

वारा सुटला होता. चिंचेची वाळकी पानं आजोबांच्या खांद्यावर पडत होती, ती त्यांनी झटकली नाहीत.

"खरं आहे तुझं," ते शेवटी म्हणाले. "पण हाताचं काय? ती जड जनावरं रानात न्यायची कशी?"

वोरिसोआची नजर हाओवाच्या टोपलीकडे गेली. वरचं एक बोंड फुटलं होतं, लाल रस टोपलीच्या कडेवर ओघळला होता. लहानपणी तिने रानाच्या कडेला पाहिलं होतं, निवडुंगाखाली पडलेल्या अशाच फुटक्या बोंडावर तोंड माखून घेतलेलं एक म्हातारं कासव.

"न्यायची कशाला?" ती एकदम म्हणाली. "त्यांना पाय आहेत!"

आणि मग गाव उठलं!

पुरुष भाले घेऊन धावले. मारायला नव्हे, तर भाल्याच्या टोकाने लांबूनच पोत्यांची शिवण उसवायला! बायका टोपल्या, सुऱ्या, जुन्या चटया घेऊन आल्या. देवराई गुरांच्या कुंपणापलीकडेच होती. तिथे कुऱ्हाड चालत नव्हती, म्हणून काट्यांनी मढलेली उंच, हिरव्या खांबांसारखी झाडं अजून तिथे दाटीने उभी होती. खोलीच्या दारापासून रानाच्या कडेपर्यंत बायकांनी बोंडं चिरून, काटे भाजून काढलेली निवडुंगाची कोवळी पानं टाकत टाकत एक लाल-हिरवी वाट घातली. दोन वेळचं खाणं होतं ते. कोणी त्याचं नाव काढलं नाही.

पण कासवं हलेनात. उसवलेल्या पोत्यांतून माना बाहेर आल्या आणि तशाच जमिनीला टेकल्या.

"पाणी," वोरिसोआ म्हणाली. "आधी पाणी द्या त्यांना."

दोघी-तिघींना घेऊन तिने पुढच्या दारातलं निळं पिंप मागच्या खोलीच्या दाराशी ओढत आणलं आणि कलतं केलं. त्सिवेरी आडवा आला. "अगं, आपलं आहे ते! दिवसचे दिवस पुरलं असतं!"

"कोणाच्या जिवावर आलंय, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. पाणी खोलीच्या तुडवलेल्या मातीच्या खोलगट जमिनीत पसरलं. एक मान हलली. मग दुसरी. बघता बघता साऱ्या खोलीत माना पाण्यात बुडाल्या. पिण्याचा आवाज येत नव्हता, फक्त गळे हलत होते.

पहिलं कासव उंबरठ्याशी आलं. हुंगलं. बोंडाचा घास घेतला, तोंड लाल केलं, आणि पाऊल टाकलं.

"निघाली!" हाओवा ओरडली. "निघाली गं बाई माझी! चल, पुढची पंगत तिकडे आहे!"

मग एकामागून एक! चांदण्या चालू लागल्या! लहान, मोठी, एक पाय अधू असलेलं, एकमेकांच्या पाठीवर चढणारी. गाव दोन्ही बाजूंनी ओरडत होतं, टाळ्या वाजवत होतं, आणि कासवांना कशाचीच घाई नव्हती. एक तर पानाशीच बसून राहिलं.

"हे आमच्या जावयासारखं आहे," कोणी म्हणालं. "ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही."

रानाच्या कडेला माकडांसारखे दिसणारे पांढरे सिफाका काटेरी खोडांना बिनदिक्कत बिलगून हा गलका पाहत होते. आणि क्षितिजावर लाल धूळ उठली. ट्रक!

"उरका!" वोरिसोआ किंचाळली. पण कासवाला उरक म्हणून कोण सांगणार? बायका धावत पुढे जाऊन बोंडं टाकत होत्या, मागे राहिलेल्यांपुढे पाणी शिंपडत होत्या. सूर्य उतरत होता. बहुतेक रांग रानात शिरली, तरी शेपूट अजून गाडीवाटेवर रेंगाळत होतं, आणि ट्रक करकरत त्यापुढे थांबला.

झेरार खाली उतरला. रिकामी पोती पाहिली, लाल माखलेली वाट पाहिली. वाटेच्या कडेने पुरुष मांडीवर भाले आडवे घेऊन बसले होते. कोणी उठलं नाही.

"माझा माल आहे हा!"

"तुझा?" लाहिमारो आजोबा म्हणाले. "मग हाक मार. तुझी असतील तर येतील."

हशा पिकला. झेरार लाल झाला. "अरे वेड्यांनो, मादागास्करच्या बाहेर लोक ही घरात पाळायला काय वाटेल ते मोजतात! तुम्ही तर खातही नाही. तुमच्या काय उपयोगाची?"

"आपला बाप म्हातारा झाला की त्याचा उपयोग विचारतात का तुमच्याकडे?" हाओवा म्हणाली.

झेरारने ट्रकच्या दारावर थाप मारली. "घे रे पुढे. बाजूला होतात की नाही बघू!"

माणसं उठून सरकली; रेंगाळलेली कासवंही एव्हाना कड चढून गेली होती. पण चाकोरीत एक कासव उताणं पडलं होतं. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत म्हातारं. कड चढताना मागे कोसळलं होतं आणि चारी पाय हवेत मारत होतं. एकाने भाल्याचा दांडा खाली घातला, तो घसरला. दुसऱ्याने घातला, तोही घसरला. ट्रक गुरगुरत पुढे आला. सगळं गाव हात पुढे करून उभं होतं, आणि एकही हात खाली जात नव्हता. वोरिसोआचाही! निषेध तिच्या हाडात भिनलेला होता, बोटं वाकतच नव्हती.

तेवढ्यात तिला धक्का देऊन कोणीतरी पुढे गेलं.

त्सिवेरी!

तो चाकापुढे गुडघ्यांवर पडला, दोन्ही हात त्या पाठीखाली घातले आणि भरल्या घागरीएवढं जड कासव छातीशी धरून उभा राहिला. ट्रक थांबला. चालकानेच बंद केला तो. झेरार ओरडत राहिला, पण चालक स्टिअरिंगवर हात ठेवून त्सिवेरीकडे बघतच राहिला होता.

ज्याने आज सकाळी 'मी हात लावला नाही' असं दोनदा सांगितलं होतं, तो माणूस कासवाला पोटच्या पोरासारखं घेऊन देवराईकडे चालला होता. काटेरी खोडांच्या सावलीत त्याने ते खाली ठेवलं. कासव थोडं थांबलं, मग वाळक्या पानांत शिरलं.

तो परत आला तेव्हा त्याचे हात अंगापासून दूर धरलेले होते.

"त्सिवेरी, तुझा बोकड गेला रे!" हाओवा म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते.

"जाऊ दे," त्सिवेरी म्हणाला. "पोती आली तेव्हाच गेला होता तो. मला आज कळलं."

लाहिमारो आजोबा काठी टेकत पुढे आले. "त्याचा नाही, बोकड माझ्या कळपातला जाईल. कारण मीही आज फक्त 'हात कोणी लावला' एवढंच विचारलं. 'ती आत का आहेत' हे विचारायचं मला सुचलं नाही." मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून गावाचा कायदा एका शब्दाने वाढला. कासवाला हात लावायचा नाही, आणि कोणाला लावू द्यायचा नाही. ज्याच्या घरात पोतं सापडेल, त्याचा बैल खांबापुढे येईल. आणि उताण्या पडलेल्याला सुलटं करणाऱ्या हाताला यापुढे दोष नाही!"

ट्रक रिकामाच वळला. पिंपं भरायला पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वोरिसोआ घागर घेऊन नदीकडे निघाली, तर त्सिवेरी खांद्यावर फावडं घेऊन तिच्या मागे चालत होता. वाळू उकरणं बायकांचं काम. वाटेत दोघे पुरुष त्याला पाहून हसले.

"काय रे, हात लावायची सवयच लागली वाटतं तुला?"

"लागली खरी," तो म्हणाला आणि वाळू उकरायला बसला.

वाचकहो, तुमच्या-माझ्या घरांनाही अशी एक मागची खोली असते. तिथून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो, आणि आपण म्हणतो, वारा असेल. आपण झाड तोडलेलं नसतं, पक्षी मारलेला नसतो, ओढ्यात घाण टाकलेली नसते. आपले हात स्वच्छ असतात आणि त्या स्वच्छ हातांचा आपल्याला केवढा अभिमान असतो! पण रान काही आपल्या हातांच्या स्वच्छतेवर जगत नाही. ज्याला आपण पवित्र म्हणतो, त्याला न दुखावणं ही राखणीची फक्त सुरुवात आहे. कोणी दुखावत असेल तेव्हा पुढे होणं, आणि वेळ आली तर आपले हात मळवणं, ही खरी राखण.

आवाज आला, तर दार उघडून बघा.