धवलेरीची फियाट

नविनने गोणपाटाची चौपदरी घडी केली, रेडिएटरच्या झाकणावर ठेवली, वर तळहात दाबून पाहिला आणि झटकन हात मागे घेतला.

"अजून नाय, आये. आता खोललं तर तोंडावर उडंल."

लाडकी काखेत टोपली धरून हायवेच्या कडेला उभी होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे लोकांच्या काचा बंद केलेल्या थंडगार गाड्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध बॉनेट उघडून वाफ सोडत बसलेली त्यांची बदामी फियाट. तलासरी नाक्यावरून वर चढून थोडं पुढे येतात न येतात तोच रस्ता तुंबला होता. एक लेन काँक्रिटच्या कामासाठी बंद, दुसरीत कुणाचा तरी कंटेनर आडवा. वैशाखाचं ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. हॉर्न मारून मारून लोक दमले होते आणि आता नुसतेच एकमेकांकडे रागाने बघत होते. शेजारच्या पांढऱ्या गाडीतली दोन पोरं काच थोडी खाली करून फियाटचा फोटो काढत होती. लाडकीने त्यांच्याकडे असं पाहिलं की काच आपोआप वर गेली.

ही गाडी घोलवडच्या एका शेठच्या चिकूवाडीत कित्येक वर्षं पाचोळ्याखाली पडून होती. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. नविनने ती भंगाराच्या भावात उचलली आणि गॅरेजमधून सुटल्यावर रोज थोडी थोडी करत चालती केली. पाड्यातल्या लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पहिल्यांदा ती स्वतःच्या जोरावर अंगणातून बाहेर पडली तेव्हा मात्र तेच लोक धावत मागे आले, आणि त्या दिवसापासून लाडकीने ठरवून टाकलं की आता लग्नाला जायचं तर याच गाडीतून.

कारण लाडकी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी मांडवात सारवलेल्या जमिनीवर बसते, देवांना नावं घेऊन गाण्यातून बोलावते, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागतं. कितीएक संसार तिच्या आवाजाने सुरू झाले होते. पण अलीकडे लोकांना धवलेरी हवी असायची ती व्हिडिओपुरती. मागच्या लग्नाला लग्नघरच्या लोकांनी तिला आणायला टेम्पो पाठवला होता आणि भाड्याच्या पातेल्यांच्या चळतीत, गॅसच्या सिलेंडरला टेकवून बसवलं होतं. घरी आल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

आजचं लग्न शितलचं. शितलच्या आईचं, तानीचं लग्नही लाडकीनेच लावलं होतं. वापीच्या कंपनीत कामाला जाणारी ही पोर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम घोलवडला आली होती, ओट्यावर बसून चहा प्यायली होती आणि म्हणाली होती, "आत्या, तूच यायचंस. दुसरं कोण नको." नवऱ्याकडचे लोक मोठे. नवऱ्याचा काका जिव्या तर फारच मोठा, विटांचा धंदा, दारात दोन गाड्या. त्याने गाडी पाठवतो म्हटलं तेव्हा लाडकीने साफ सांगितलं होतं, मी आपल्या गाडीतून येईन.

टोपलीतला फोन वाजला. जिव्याच होता.

"कुठं अडकलीस?"

"हायवेला. गर्दी आहे."

"गर्दी आहे का तुझं डबडं बंद पडलं?"

लाडकीने फोन कानापासून लांब धरला, एकदा गाडीकडे बघितलं, आणि पुन्हा कानाला लावला.

"माझी गाडी उभी आहे ती लोकांच्या गाड्या उभ्या आहेत म्हणून. रस्ता सुटला की येते."

"मी सांगितलं होतं इको पाठवतो. आता व्हिडिओवाला खोळंबलाय, जेवणं खोळंबलीत. तुझ्यासाठी किती वेळ थांबू?"

"थांबू नको. लाव लग्न, माझ्याशिवाय लागतं का ते बघ," असं म्हणून तिने फोन बंद केला. पण आजकाल भटजी आणून तिच्याशिवायही लागतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

झाकण एकदाचं निघालं. नविनने इंजिन चालू ठेवून कॅनमधलं पाणी बारीक धारेने ओतायला घेतलं. तापल्या इंजिनात भसकन गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जातो, हे त्याने आईला येता येताच सांगितलं होतं. पाणी आत जात होतं आणि खालून थेंब थेंब गळतही होतं. रेडिएटरच्या खालच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली होती.

"हे असंच गळत राहिलं तर गाडी किती लांब जाईल?" लाडकीने विचारलं.

"रस्ता मोकळा असता तर वाऱ्याने निभावलं असतं. असं रांगत जायचं तर नाय जायची."

त्याची नजर तिच्या काखेतल्या टोपलीवर गेली आणि तिथून चोरासारखी दुसरीकडे वळली. पोटचं पोर होतं ते. त्याच्या मनात काय आलं हे लाडकीला कळायला वेळ लागला नाही.

"बोल की."

"नको. लग्नाची आहे."

"काय आहे लग्नाची?"

"हळद," नविन मान खाली घालून म्हणाला. "ट्रकवाले टाकतात. पाण्याबरोबर फिरते, चिरेत जाऊन बसते, फुगते. तात्पुरती गळती थांबते."

हळद लाडकीने स्वतः कुटली होती, शितलच्या नावाने. दुकानातली पिवळी पूड तिला चालत नसे. ती क्षणभर टोपलीतल्या पुरचुंडीकडे बघत राहिली. मग चिमूटभर हळद पदराच्या टोकाला बांधली आणि बाकीची पुरचुंडी मुलाच्या हातात कोंबली.

"टाक. हळद मांडवात कुणाकडंही मिळंल. गाडी कुणी द्यायचा नाय."

नविनने हळद टाकली. झाकण पुरतं न आवळता पहिल्या खाचेवरच ठेवलं, म्हणजे आत वाफ कोंडायची नाही. बॉनेट बोटभर उघडं ठेवून सुतळीने बांधलं. मग दोघंही वाकून खाली बघत बसले. थेंब जरा लांबले, पिवळे झाले, आणि हळूहळू थांबले. नविन आईकडे बघून हसला तेव्हा त्याच्या कपाळावर काळ्या ऑइलचा पट्टा उमटला होता, आणि लाडकीला तो फार देखणा वाटला.

एवढ्यात रांगेच्या कडेकडेने एक तरुण धोतर वर खोचून चालत आला. खांद्याला झोळी, हातात छत्री, चेहरा लालबुंद.

"भाई, अच्छाडच्या बाजूला जाता काय? रिक्षावाल्याने नाक्यावरच उतरवलं. फोन पण बंद पडला. जरा जागा असेल तर..."

"बसा महाराज," लाडकी म्हणाली. असल्या उन्हात माणसाला नाही म्हणायचं कसं?

महाराज मागच्या सीटवर गोणपाट, पाण्याचे कॅन आणि जॅक यांच्यामधे कसाबसा मावला. त्याचं नाव दीपेश, उमरगावकडचा. आज त्याला तीन लग्नं लावायची होती आणि पहिल्यालाच उशीर झाला होता. पोरगा बोलका होता, आणि गाडी त्याला मनापासून आवडली. त्याच्या आजोबांकडे अशीच होती म्हणे.

पुढचा ट्रेलर हलला. नविनने गियर टाकला.

"जायचंय कुठं नक्की?" त्याने आरशातून विचारलं.

"उंबरपाडा. जिव्याभाईकडे लग्न आहे ने."

नविनचा पाय ॲक्सिलेटरवरून निघाला आणि गाडीने एक आचका दिला. मागून हॉर्न वाजला. लाडकीने मान वळवली नाही. समोरच्या काचेतून ती बघत राहिली, पण तिच्या अंगातून आग निघाली. म्हणजे जिव्याने दोघांनाही सांगून ठेवलं होतं! शितलच्या समाधानाला ती, आणि खऱ्या कामाला हा. ती गाणार, व्हिडिओवाला चार मिनिटं टिपणार, आणि मग महाराज लग्न लावणार. मागे बसलेल्या पोराला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुम्ही पण त्याच बाजूला काय, मावशी?" त्याने मागून विचारलं.

"त्याच लग्नाला."

"वाह! मुलीकडचे?"

"हो," लाडकी म्हणाली. "मुलीकडचीच म्हणा."

गाडी रांगत होती. इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याने पुन्हा वर सरकायला सुरुवात केली होती. थांबलं की नविन गियर काढून हलकेच रेस द्यायचा, म्हणजे पंखा जोराने फिरायचा, आणि मग परत दोन हात पुढे. महाराज मागून काट्यावर लक्ष ठेवून होता आणि उतरला की "शाबास" म्हणत होता. एका पुलाखाली सावली आली तशी नविन आईकडे झुकला आणि वारलीत पुटपुटला, इथं उतरवू का याला? वजन कमी होईल.

"वजन?" लाडकीही तशीच पुटपुटली.

"गाडीला जड जातंय."

"गाडीला काय जड जातंय ते मला दिसतंय. उतरवायचा नाय."

"आये, अगं पण..."

"मी बसवलाय. मी नेणार."

कंटेनर मागे पडला आणि रस्ता मोकळा झाला. वारा लागताच काटा शहाण्यासारखा खाली आला. फियाट अशी काही पळाली की मघाची ती पांढरी गाडी मागे राहिली आणि नविनने तिला ओलांडताना उगाचच हॉर्न वाजवला. उंबरपाड्याच्या फाट्याला वळेपर्यंत महाराजाला झोप लागली होती.

मांडवाच्या अलीकडे ओहोळावर एक मोरी होती. नविनने गाडी तिथंच थांबवली. इंजिन नीट चालत होतं, थांबायचं काही कारण नव्हतं.

"तू हो पुढं, आये," तो समोर बघत म्हणाला. "मी जरा पाणी बदलतो. महाराज उठले की कॅन धरायला लावतो त्यांना. लागेल वेळ."

लाडकीने त्याच्याकडे बघितलं. मग टोपली घेऊन उतरली.

मांडवात डीजेचा दणदणाट चालला होता. मधे लाल मखमलीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या, त्यावर नवरा-नवरी घामाने निथळत बसलेले. शितलने तिला पाहिलं आणि अर्धवट उठली, पण व्हिडिओवाल्याने हाताने खाली बसवलं. जिव्या घाईघाईने पुढे आला. पांढरा सफारी, कपाळावर घाम.

"आलीस? बरं झालं. चल, चल, बस आणि लावून टाक लवकर."

"तू तर महाराज बोलावलाय."

जिव्या थोडा चपापला, पण थोडाच. "बोलावला होता. त्याचा पत्ता नाय, फोन लागत नाय. लोकांना भुका लागल्यात. आता तूच लाव. तुझं काय ते गाणं जरा आटपतं घे."

हेच तर हवं होतं की तिला. बसायचं, डोळे मिटायचे, गायचं. मोरीवर नविनने महाराजाला हवा तेवढा वेळ अडकवून ठेवला असता. लग्न तिच्याच आवाजाने लागलं असतं आणि गावभर तसंच सांगितलं गेलं असतं. लाडकीला क्षणभर मोह झाला, फार मोठा झाला. पण "आता तूच लाव" हे शब्द तिच्या घशाखाली उतरेनात. दुसरा मिळाला नाही म्हणून?

ती वळली आणि मोरीकडे तोंड करून अशी ओरडली की डीजेच्या आवाजावरही ऐकू गेलं.

"नविन! महाराजांना घेऊन ये!"

डीजेवाल्या पोराने काहीतरी झालंय असं समजून गाणं थांबवलं. मोरीकडून नविन आला, मान खाली घालून, आणि त्याच्यामागे धोतर सावरत, डोळे चोळत दीपेश महाराज. गुडघ्यापर्यंत पाणी उडालेलं, सदऱ्यावर पिवळा डाग.

"माफ करा जिव्याभाई," तो म्हणाला, "हायवेला अडकलो. या मावशींनी आणलं म्हणून तरी आलो."

जिव्याने महाराजाकडे बघितलं, लाडकीकडे बघितलं.

"आणला मी तुझा महाराज," लाडकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या डबड्यात घालून. आता आम्ही दोघं तुझ्यापुढं उभे आहोत. सांग, कुणाला बसवतोस? पण मी बसले तर गाणं आटपतं घेणार नाय. सगळे देव येईपर्यंत गाईन. जेवणं थांबतील."

जिव्या ओठ चाटत होता. महाराजाला आता कुठे उलगडा झाला आणि तो झोळी पोटाशी धरून बावरून बघत राहिला. व्हिडिओवाल्याने कॅमेरा चालू ठेवावा की बंद करावा हे कुणीच सांगेना. लाडकी ताठ उभी होती. पण हरली तर तिला त्याच गाडीत बसून परत जायचं होतं, आणि वाटेत मुलाला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

जिव्याने तोंड उघडलं. काय म्हणणार होता कोण जाणे.

शितल मखमलीच्या खुर्चीवरून उठली. व्हिडिओवाला पुढे झाला, तिने त्याचा हात बाजूला केला. जरीची साडी दोन्ही हातांनी गोळा करून ती खाली, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. नवऱ्या मुलाच्या खांद्यावरचा शेला तिच्या पदराला बांधलेला होता. तो ताणला गेला. नवऱ्याने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा आपल्या कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, आणि तोही हळूच खाली तिच्या शेजारी जाऊन बसला.

लाडकीने चप्पल काढली.