आप्पांचे दहा गुंठे

चौथी मुलाखत होती माझी. आधीच्या तिन्ही नोकऱ्या माझ्या जिभेनं घालवल्या. एका शाळेत तर सचिवांनी फळ्यावर सोडवलेलं उदाहरण मी सगळ्यांदेखत खोडलं होतं. वडगाव रासाईहून निघताना आमचे आण्णा एवढंच म्हणाले, "सुलक्षणा, यंदा निस्ता पाठ घे. कुणाची चूक काढू नगं." मला गणिताची मास्तरीण व्हायचंच होतं. दुसरं काही येतही नव्हतं, ना धड स्वयंपाक, ना गोड बोलणं.

जून २००१. यवतच्या अलीकडची शाळा. संस्थेचे अध्यक्ष पोपटराव, त्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा. जागा एक, उमेदवार दोन. दुसरा शंभू, आप्पांचा सख्खा भाचा. म्हणजे निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी नववीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता, तो मी सुरू केला.

विषय समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. पाया गुणिले उंची, एवढं फळ्यावर लिहिलं, तोच मागच्या बाकावरून आप्पा बोलले, "बाई, रानात हे चालत न्हाई. समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या, निम्म्या करायच्या, आन् गुणायच्या. माझा शाळेमागचा तुकडा घ्या. तीनशे तीस फूट बाय दोनशे चौसष्ट. दोन एकर, म्हंजी ऐंशी गुंठं. हाय का न्हाई?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. शंभूनंही डोलावली. मी गप्प बसायला हवं होतं. बसले का? नाव नको.

साहित्य म्हणून चार लाकडी पट्ट्या आणल्या होत्या, कोपऱ्यांना खिळ्यांनी सैल जोडलेल्या. त्यांचा चौकोन धरला आणि हळूहळू दाबत पार चपटा केला. "बाजू तेवढ्याच हायेत ना आप्पा? मग मधली जमीन कुठं गेली?"

पोरं खुसखुसली. एका पोरीनं तर सांगूनच टाकलं, "बाई, आप्पांचं रान बी तिरकंच हाय."

आप्पा उठले. "मोजू चला."

सातबाऱ्यावर सगळा गट एकत्र होता, हा तुकडा वेगळा असा सरकारनं कधी मोजलाच नव्हता. तोडलेल्या उसाचा खोडवा पुन्हा फुटून गुडघ्याएवढा झाला होता. पोरांनी सुतळीचा तीन-चार-पाचचा त्रिकोण करून काटकोन धरला, शाळेचा टेप ताणला. उंची भरली दोनशे एकतीस फूट. मी मातीतच काडीनं गुणाकार केला. सत्तर गुंठे.

"दहा गुंठं गेलं कुठं?" आप्पांचा आवाज चढला. मुख्याध्यापक ढेकळं मोजायला लागले. शंभू गालातल्या गालात हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. गेली ही पण नोकरी. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पण डोक्यातला भागाकार काही थांबेना.

"आप्पा, यातनं ऊस किती निघाला औंदा?"

"एकशेचाळीस टन. एकरी सत्तर. कारखान्याच्या बक्षिसात पहिला येणार तो मल्हारी, एकरी शहात्तरवाला. बसा आता मीठ चोळत."

"रान सत्तरच गुंठे आहे ना आप्पा? मग एकरी सत्तर कुठला? ऐंशी."

आप्पा थांबले. बोटांवर काहीतरी केलं, पुन्हा केलं. मग भाच्याकडे वळले. "शंभू, तू बी गणितच शिकलाय ना? बाई म्हणतात ते बरोबर हाय का?"

शंभूनं माझ्याकडे पाहिलं, मातीतल्या आकड्यांकडे पाहिलं. खोटं बोलावं तर पोरांचा अख्खा वर्ग उभा. "व्हय मामा," तो कसाबसा म्हणाला, "बरोबर हाय."

त्या एका वाक्यानं बिचाऱ्याची नोकरी गेली. मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

तासाभरात माझ्या ऑर्डरवर सही झाली. कागद माझ्या हातात देता देता आप्पा हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक करा. कारखान्याची यादी लागंस्तवर हा धडा पुढं शिकवू नका. मल्हारीचं रान माझ्यापेक्षा तिरकं हाय."

मी ऑर्डरची घडी घालून पर्समध्ये ठेवली, चेन लावली, आणि मगच सांगितलं, "आप्पा, पोरं टेप घेऊन तिकडंच गेलीत."