पांढऱ्या दाराचा पिकअप

मी एक जुना पिकअप बोलतोय. पण जे सांगणार आहे ते सगळं मला स्वतःला आठवतंय, की माझ्या शेजारी उभं राहून माणसं जे बोलली तेच मी माझी आठवण समजून बसलोय, याची मला खात्री नाही. नऊ वर्षं मी यंत्रांच्या शेडमागे गवतात पडून आहे. एकच दुपार इतक्या वेळा मनात घोळवली की तिच्या कडा झिजून गेल्या. म्हणून जिथे शंका आहे तिथे तसं सांगत जाईन.

कारखान्यातला जन्म मला अजिबात आठवत नाही. आठवण सुरू होते ती डॉ. आर्विड यांच्यापासून. ते गुरांचे डॉक्टर. माझ्या हौद्यात त्यांचे दोरखंड, बादल्या आणि औषधांच्या पेट्या असत. बर्फात अडलेल्या गाईकडे निघालो की वाटेत ते माझ्याशीच बोलत, कारण गाडीत दुसरं कुणी नसे. म्हातारपणी त्यांनी मला गेलन होवलंडला विकलं. गेलन मिनेसोटातला मक्याचा शेतकरी. बोलायला कमी, ऐकायला बरा. त्याच्याकडे मी सोळा वर्षं गवताचे गठ्ठे आणि शेतातले दगड वाहिले. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं मला खालून खाल्लं, आणि एके सकाळी केबिनच्या तळातून गेलनचा बूट आरपार गेला.

तिथेच माझं आयुष्य संपायचं, पण मर्लमुळे ते वाढलं.

मर्ल ट्वेट हा गेलनच्या बायकोचा, कोरिनचा, धाकटा भाऊ. दर ऑगस्टात कौंटीच्या जत्रेत डर्बी असते. रिंगणात पाणी मारून चिखल करतात, त्यात गाड्या एकमेकींवर आपटतात आणि शेवटपर्यंत जी हलत राहते ती जिंकते. पिकअपच्या गटात मर्ल सलग चार वर्षं जिंकलेला. रविवारी चर्चनंतर दोन्ही घरं एकत्र जेवत, आणि बटाट्याचं भांडं फिरता फिरता मर्ल एकेक टक्कर पुन्हा सांगे. गेलन चोपन्न वर्षांचा, कधी कुठल्या स्पर्धेत उतरला नव्हता. एका रविवारी त्यानं काटा खाली ठेवला आणि सांगितलं की यंदा मीही उतरणार, आपला जुना पिकअप घेऊन.

मर्ल पोट धरून हसला. आणि मग सगळा जुलै तो रोज संध्याकाळी आमच्या शेडमध्ये आला, मला तयार करायला. ज्याच्याशी लढायचं त्यालाच आपल्या हातांनी सज्ज करायचं, ही त्या लोकांची रीत. मला तिचं अजूनही नवल वाटतं.

मला तयार करणं म्हणजे आधी मला उघडं करणं. काचा काढल्या, दाराच्या पोटात पडलेले काचेचे चुरेसुद्धा ब्रशनं झाडून काढले. दिवे, गाद्या, गालिचा, सगळं गेलं. पोटाखालची पेट्रोलची टाकी काढून बोटीतली छोटी टाकी चालकाच्या मागे पट्ट्यांनी आवळली. बॅटरी शेजारच्या सीटच्या जागी बसवली. बॉनेटला मोठं भोक पाडलं, आग लागली तर पाण्याचा पाइप आत घालता यावा म्हणून. हौदा चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टांनी जखडला. मागचा फाळका आणि दारं कोरिननं वेल्डिंगनं कायमची बंद केली. ती शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात वेल्डर होती, आणि तिचे सांधे बघून मर्लसुद्धा गप्प बसे. तो फार जवळ आला की ती मुखवट्याआडून म्हणे, "मागे सर. डोळ्यात ठिणगी गेली तर आईला उत्तर मला द्यावं लागेल."

चासीच्या मागच्या टोकाला त्यांनी मुद्दाम दोन खाचा पाडल्या. रेडिएटर वाचवायला डर्बीत मागे मागे येऊन धडक मारतात. खाच असली की मागचं अंग वर वळतं, पुढे घुसत नाही. मजबूत व्हायला निघालेल्याला आधी कमकुवत करतात, हे मला पटायला बरेच दिवस लागले.

सगळ्यात शेवटी चालकाचं दार पांढरं रंगवलं. गेलन दोनदा हात फिरवून, कडा सांभाळत रंग लावत होता.

"मेहुणे, हा रिंगणात जायचाय की लग्नाला?" मर्लनं विचारलं.

"नीट दिसायला हवं ना तुला," गेलन म्हणाला. "नाहीतर म्हणशील दिसलं नाही."

त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ असा, की या दारावर धडक मारायची नाही. मारणारा तिथल्या तिथे बाद. आता यातून एक वाईट खोडही निघते. दोघंच उरले आणि समोरचा जोरात येतोय, तर आयत्या वेळी गाडी फिरवून आपलं दार त्याच्यापुढे करायचं. धडक त्याची होते, बाद तो होतो. याला ते लोक दार देणं म्हणतात. दार देणाऱ्याबरोबर तिथे कुणी कॉफीला बसत नाही.

जत्रेच्या दिवशी अकरा पिकअप उतरले. मला किती धडका बसल्या ते मोजता आलं नाही. मारामारीत कुठला दात कधी पडला हे माणसाला कळत नाही, तसं माझं झालं. रेडिएटर फुटला, वाफेत मला दिसेना. एकेका चालकानं खिडकीजवळ बांधलेली काठी मोडून हार मानली. वाफ विरळ झाली तेव्हा दोघंच हलत होते, मर्ल आणि आम्ही.

दोघंही मागे मागे एकमेकांवर येत होतो. इथून पुढचं मी हजारदा आठवलंय आणि हजारदा वेगळं आठवलंय. माझं मागचं अंग घसरत बाजूला गेलं, मी आडवा झालो, आणि पांढरं दार मर्लच्या समोर आलं. गेलननं स्टिअरिंगचं चाक फिरवलं का? फिरवलं असं मला वाटतं. मग वाटतं, मीच घसरलो. मग वाटतं, त्याला वाचवायला मी हे रचतोय.

धडक दारावर बसली. गेलनच्या तीन बरगड्या मोडल्या, स्टिअरिंगचा खांब वाकून जाम झाला. मर्ल बाद ठरला आणि स्ट्रेचरवरच्या गेलनला विजेता म्हणून जाहीर केलं. लोडरनं मला चिखलातून अलगद उचललं आणि ट्रेलरवर ठेवलं.

त्याच संध्याकाळी, लोकांच्या देखत, मर्ल म्हणाला की गेलननं दार दिलं. गेलन इस्पितळात होता. परत आल्यावरही त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याच्या गप्प राहण्यातून गावानं काय घ्यायचं ते घेतलं. रविवारची जेवणं थांबली. कोरिन नाताळला आधी नवऱ्याबरोबर जेवायची आणि मग एकटी गाडी काढून भावाकडे जायची. नऊ नाताळ तिनं असे दोनदा जेवून काढले.

गेलन मला भंगारात देईना. कधी कधी तो खिडकीतून शिरून माझ्यात येऊन बसे, जाम झालेल्या चाकावर हात ठेवे. मी त्याच्याकडून उत्तराची वाट बघत असे. आता वाटतं, तो माझ्याकडून बघत असावा.

या वसंतात कोरिननंच फोन केला. मर्लच्या शेतावरचा पिकअप माझ्याच वर्षीचा, त्याचा पुढचा आस मोडला होता. आमच्या जुन्या पिकअपचा तसाच पडून आहे, येऊन घेऊन जा, असं तिनं सांगितलं. कुणाला विचारलं नाही. तो हत्यारांची पेटी घेऊन आला. केस पिकलेले, गुडघा दुखरा. गेलन शेडच्या कोपऱ्यावर उभा राहिला. दोघांनी हवेबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली.

मर्ल खाली शिरणार तेवढ्यात गेलन म्हणाला, "थांब. आधी ऐक. मी दार दिलं की नाही, मला माहीत नाही."

मर्ल वाकलेला तसाच राहिला.

"मागे वळून तुला येताना बघितलं. मनात आलं, यानं दारावर मारावं, म्हणजे एकदाचं संपेल. एवढं खरं आहे. हात फिरले का, ते आठवत नाही. फिरले असतील."

"हे सांगायला नऊ वर्षं?"

"हो."

कोरिन हातातला कप धरून उभी होती. मर्लनं पेटीतून पाना काढला. मग गवतावर पाठ टेकून माझ्या खाली सरकला. पाना फिरण्याचा आवाज आला, मग थांबला. त्यानं स्क्रूड्रायव्हर मागितला. खाली काहीतरी खरवडलं. मग तिथूनच बहिणीला विचारलं, आपल्याकडे कुठे पिवळी माती आहे का.

"पिवळी कुठली? सगळी काळी," ती म्हणाली. "पिवळी जत्रेच्या रिंगणात बाहेरून आणून टाकतात."

तो बाहेर आला. तळहातावर वाळलेल्या पिवळ्या मातीची, बोटाएवढी गोल गुटी होती. स्टिअरिंगकडून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा जिथे अडकतो त्या भोकातून ती निघाली होती. दांडा जागेवर असता तर मातीला आत जायला वाटच नव्हती. आणि दारावरच्या धडकेनंतर माझी चाकं त्या चिखलात फिरलीच नाहीत, लोडरनं मला वरच्यावर उचललं होतं. म्हणजे दांडा त्या धडकेच्या आधीच निसटलेला होता. मर्लनं हे सगळं सावकाश सांगितलं, जणू स्वतःलाच समजावत होता.

"पण मनात होतं," गेलन म्हणाला.

"मनात आलं म्हणून कुणाला बाद करत नाहीत," मर्ल म्हणाला, आणि बहिणीकडे वळून त्यानं विचारलं की जेवायला काय आहे.

आता माझा पुढचा आस गेलाय. लाकडी ठोकळ्यांवर टेकून आहे, आणि सोमवारी भंगाराची गाडी येईल. मला वितळवतील याचं फार वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं, की माझ्यासारख्या साक्षीदारावर पूर्ण भिस्त ठेवू नका. तो खोटं बोलत नसतो, पण त्याला आपल्याच पोटाखालचं दिसत नाही. मी त्या दुपारबद्दल जे जे सांगितलं त्यातलं बरंचसं चुकीचंही असेल. एक गोष्ट मात्र आता पक्की आहे. मर्लची धडक दारावर बसली तेव्हा गेलनच्या हातातल्या चाकाचा माझ्या पुढच्या चाकांशी काहीही संबंध उरलेला नव्हता.