भातकुली रस्त्यावरचा नेपच्यून

मी एक जुना किलोमीटरचा दगड आहे. भातकुलीच्या रस्त्याला, डोमाजींच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, टेकून उभा असतो. अंगावर 'भातकुली ३' असं कोरलेलं आहे. त्यातला तीन आता बोटानं चाचपून वाचावा लागतो.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दगडाला कसलं आलंय आत्मवृत्त! बरोबर आहे. ज्यांना तोंड आहे त्यांचंच कोणी ऐकत नाही, मग माझं कोण ऐकणार? पण मी सांगणारच. मला घाई नाही आणि भीतीही नाही. दगडाचं कोण काय वाकडं करणार?

माझा जन्म लाव्ह्यातला. साडेसहा कोटी वर्षांमागे इकडची जमीन फाटली, तिच्यातून तापलेला रस वाहिला, थिजला आणि त्याचा काळा दगड झाला. तुमच्या वऱ्हाडातली काळी माती त्याच दगडाचा भुगा आहे. म्हणजे जिच्या वाटणीवरून घराघरांत भाऊ भावाशी बोलत नाही, ती माझी सख्खी बहीण.

त्याच्याही आधीचं सांगतो. माझ्या अंगात लोखंड आहे. ते पृथ्वीवर तयार झालेलं नाही. आपला सूर्य जन्मायच्या आधी कुठले तरी तारे जळून फुटले, त्यांच्या पोटात ते शिजलं होतं. त्या ताऱ्यांच्या राखेतून सूर्य झाला, पृथ्वी झाली, मी झालो. तुमच्या रक्तातलं लोखंडही तिथलंच. ते वाटताना ताऱ्यांनी कोणाचं आडनाव विचारलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग एका खदानीत मला सुरुंगानं मोकळं केलं. छिन्नी-हातोड्यानं घडवलं, डोकं गोल केलं, अक्षरं कोरली आणि ट्रकमधून आणून इथे रोवलं. तेव्हा माझा फार मान होता. बंडीवाले बैल थांबवून माझ्या सावलीत पाण्याची चरवी ठेवायचे. सायकलवाले माझ्यावर पाय टेकवून दम घ्यायचे. "आलं आलं, तीनच राहिले," असं थकलेल्या बायका एकमेकींना सांगायच्या तेव्हा मला वाटायचं, हे अंतर मीच कमी केलं.

नंतर मोबाईल आला. आता अंतर खिशातली बाई सांगते. माझ्याकडे कोणी पाहत नाही. पाहतात ते दोघेच, कुत्रं आणि तंबाखूचा खर्रा खाणारा. दोघंही येऊन काय करतात ते मी इथे लिहीत नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस दीपमाला मॅडमची स्कूटी माझ्यासमोर थांबली.

दीपमाला मॅडम पलीकडच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. रोज अमरावतीहून येतात-जातात. सुगीच्या दिवसांत परतताना त्या सातवीतल्या रागिणीला मागे बसवून आणायच्या आणि माझ्यापाशी उतरवायच्या, कारण मागचं वावर तिच्या आजोबांचं, डोमाजींचं. मग रागिणी अंधार पडताना आजोबांच्या बंडीतून घरी जायची.

त्या दिवशी मॅडमनी स्कूटीवरच्या किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "रागिणी, शाळेपासून बरोबर साडेचार किलोमीटर. आपला नेपच्यून सापडला गं!"

मित्रांनो, त्यांनी मुलांसाठी एक हिशेब मांडला होता. खऱ्या आकाशातले दहा लाख किलोमीटर म्हणजे आपल्या रस्त्यावरचा एक मीटर. या मापानं सूर्य होतो मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा. तो त्यांनी शाळेच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर पिवळ्या रंगानं काढला. बुध म्हणजे तुरीचा दाणा, शाळेच्या फाटकाजवळ. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे दोन बोरं. मंगळ हरभऱ्याएवढा, हापशीपाशी. गुरू म्हणजे नारळ, तो गावाबाहेर जातो. शनी म्हणजे पुठ्ठ्याचं कडं घातलेलं बेलफळ, युरेनस म्हणजे लिंबू, आणि शेवटी माझ्या डोक्यावर ठेवायचं बारकं संत्रं म्हणजे नेपच्यून. मधे सगळं रिकामं. नुसता रस्ता, तुरीची खुंटं आणि वारा.

तुमच्या पुस्तकात आठही ग्रह एका पानावर खांद्याला खांदा लावून बसवलेले असतात. कागद वाचवायला तसं छापतात, आणि पोरं जन्मभर तेच खरं मानतात. मला त्याचा राग येतो. अंतर दाखवणं हे माझं काम आहे. अंतर खाऊन टाकलं तर आकाशात उरतं काय?

त्या दिवशी माझ्यापाशीच रागिणीनं विचारलं, "मॅडम, मंग दुसरा तारा कुठं येईन? भातकुलीत?"

"भातकुलीत नाही, बेटा. आपल्या मापानं शाळेपासून निघायचं, सगळ्या पृथ्वीला एक वळसा घालायचा आणि परत शाळेपाशी यायचं. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा तेवढा लांब. आणि असे दहा हजार कोटींहून जास्त तारे मिळून आपली एक आकाशगंगा. आणि अशा आकाशगंगाही मोजता येत नाहीत इतक्या."

"अन् प्रकाश किती पळते या रस्त्यानं?"

"पळत नाही. आपल्या मापानं तो रांगणाऱ्या बाळाच्या चालीनं येतो. शाळेतून निघाला तर या दगडापाशी यायला त्याला चार तास लागतात. तुम्ही त्याच्या आधी याल."

रागिणी जोरात हसली. प्रकाशाला हरवायचं, हे तिला फार आवडलं. चिठ्ठी टाकून प्रत्येकाला एकेक ग्रह दिला होता, तिच्या वाट्याला नेपच्यून आला होता. शनिवारी दप्तर नसतं. त्या शनिवारी सगळ्या मुलांनी आपापला ग्रह घेऊन शाळेपासून माझ्यापर्यंत चालायचं ठरलं होतं.

एकच अडचण होती. "मॅडम, संत्रं तं केसरी असते. नेपच्यून निळा हाये न?"

"पाहू काहीतरी," असं म्हणून मॅडम निघून गेल्या.

रागिणीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दप्तरातून एक रंगाचा डबा आणि केस झडलेला ब्रश काढला. आजोबा वावराच्या त्या टोकाला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या बंडीत भरत होते. तिनं मला डोक्यापासून मातीपर्यंत निळंशार केलं. घडवल्यापासून एवढ्या मायेनं मला कोणी हात लावला नव्हता. अंधार पडला, बंडी निघून गेली, डोमाजींना काही दिसलं नाही.

दिसलं ते दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी मॅडमची स्कूटी आली तेव्हा माझ्याभोवती चार-पाच माणसं उभी होती. त्यांत डोमाजी होते आणि सरपंच केशवराव होते. डोमाजींची बंडी रस्त्याकडेला सोडलेली होती.

"मॅडम, थांबा जरा," केशवराव म्हणाले. "हे काय हाये?"

मॅडम माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग मागे बसलेल्या रागिणीकडे एकदा पाहिलं. "नेपच्यून आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नेपच्यून. आठवा ग्रह. शनिवारी मुलं चालत येणार आहेत. तुम्हाला सांगितलं होतं."

"ग्रह ठीक हाये. पन निळा काऊन?"

"तो निळाच आहे."

"साऱ्या आभायात तुमाले निळाच ग्रह भेटला?" डोमाजी उसळले. "तुमच्या लोकायनं आज दगड रंगवला. उद्या झेंडा लावान, परवा माहा धुरा जाईन!"

मित्रांनो, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. निळा हा बाबासाहेबांच्या झेंड्याचा रंग. दीपमाला मॅडम बौद्ध. म्हणून डोमाजींना दगडावर ग्रह दिसला नाही, मॅडमची जात दिसली. मोठी माणसं असंच पाहतात. साडेचारशे कोटी किलोमीटरवरचा एक ग्रह, त्यालाही यांनी गावातल्या एका वस्तीत नेऊन बसवलं.

"वाद नोको," केशवरावांनी तोडगा काढला. "त्या मंगळाले आना इकडं. थो लाल असते म्हन्ते."

"मंगळ हापशीपाशी आहे, सरपंच. तो इकडं येत नाही."

"काऊन येत नाही? तुमचाच कारभार हाये न?"

"माझा नाही. सूर्याचा आहे."

एक जण फिसकन हसला. डोमाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू आत गेलं.

केशवरावांचा आवाज खाली आला. "हे पाहा मॅडम. दगड पांढरा होईन तं पोरं चालतीन. नाही तं शनिवार बंद. अन् तक्रार वर गेली तं मी काही नाही करू शकत. बदलीले चिखलदऱ्याच्या पुढंही शाळा हायेत."

मॅडमनी स्कूटी बंद केली. मग त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "पोराइनं लावला म्हणजे म्या लावला. काय लिहायचं ते लिहा."

तेव्हा रागिणी स्कूटीवरून उतरली. "मॅडमनं नाही लावला. म्या लावला."

"कोनं देल्ला तुले रंग?" डोमाजी ओरडले. "नाव सांग त्याचं!"

"आपल्याच घरचा हाये, आबाजी. पोळ्याचा उरला होता थो."

सगळ्यांनी बंडीकडे पाहिलं. बैल रवंथ करत उभे होते. पोळ्याला रंगवलेली त्यांची शिंगं उडत उडत अर्धी राहिली होती, पण रंग ओळखू येत होता. मी ज्या रंगाचा, तेही त्याच रंगाचे.

"बैलाच्या शिंगाले चालते," रागिणी म्हणाली, "मंग दगडाले काऊन नाही चालत?"

डोमाजींनी बैल जुंपले. "बस बंडीत," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मला रागिणी स्कूटीवर दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा माणूस आला आणि माझ्यावर चुना फासून गेला. पांढरा म्हणजे कोणाचाच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तो रंग मेल्यावर घालायच्या कपड्यासारखा वाटला. शनिवारचं चालणं वाचलं होतं, पण नेपच्यून येणार होता की नाही, ते कोणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी मुलं आली. धूळ उडवत, भांडत, मधेच बोरं तोडत. पृथ्वीचं बोर कोणीतरी वाटेत खाऊन टाकलं होतं आणि त्यावरून दोघांची जुंपली होती. काही घरांनी मुलं पाठवली नव्हती, तरी बरीच आली. सगळे ग्रह आपापल्या जागी ठेवून झाले होते. फक्त माझं डोकं रिकामं होतं. रागिणी नव्हती.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि एकदम थबकल्या. ऑइलपेंटवर चुना कुठे धरतो! दोन रात्रींच्या दवानं त्याचे पोपडे सुटले होते. खालून निळा वर आला होता, आणि त्यावर चुन्याचे लांबट पांढरे फराटे तेवढे राहिले होते.

"अरे, या इकडं सगळे," मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "खऱ्या नेपच्यूनवर असेच पांढरे ढग असतात. सरपंचांनी आपलं राहिलेलं काम करून दिलं!"

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. डोमाजींची बंडी होती. रागिणी पुढेच बसली होती, दोन्ही हातांत संत्रं धरून. तिच्या मामानं मोर्शीहून पाठवलेलं.

डोमाजी मॅडमकडे न पाहता म्हणाले, "दोन दिसापासून जेवली नाही बरोबर. चालत पाठवनार नोयतो. बंडीत आनली." मग माझ्याकडे पाहून नुसते "हूं" म्हणाले.

रागिणीनं माझ्या निळ्या डोक्यावर संत्रं ठेवलं. ते गडगडलं, तिनं पुन्हा ठेवलं, खाली मातीचा लगदा लावून बसवलं. मॅडमनी शाळेत फोन केला. "धर्मपाल, धर आता."

धर्मपाल हा रागिणीच्याच वर्गातला, बौद्ध वस्तीतला मुलगा. त्याच्या चिठ्ठीत सूर्य निघाला होता. सूर्याला चालायचं नसतं, म्हणून तो मुख्याध्यापकांसोबत गच्चीवर टाकीपाशी आरसा घेऊन उभा होता.

सगळे शाळेच्या दिशेनं पाहू लागले. नुसतं रिकामं रान, टोकाला गावाची रेघ. मग त्या रेघेवर काहीतरी चमकलं. गेलं. पुन्हा चमकलं, आणि मग तिथेच थांबलं. टाचणीच्या टोकाएवढं, पण लखलखीत.

"तो पाहा सूर्य," मॅडम म्हणाल्या. "नेपच्यूनवरून तो असाच दिसतो. एखाद्या ताऱ्यासारखा. सूर्य ताराच आहे, आपण जवळ आहोत म्हणून मोठा वाटतो."

डोमाजींनी कपाळावर हात धरला. "एवढासा?"

"इथून एवढासाच, आबाजी," रागिणी म्हणाली.

"अन् आपलं गाव?"

"आपली पुरी पृथ्वी तिथं एक बोर हाये. थेही खाल्लं कोनं तरी."

डोमाजी बराच वेळ पाहत राहिले. ठिपका हलत नव्हता. "कोन धरून राह्यला आरसा?"

"धर्मपाल."

"हात पक्का हाये पोराचा," डोमाजी म्हणाले.

रागिणी उड्या मारून हात हलवू लागली. डोमाजींनी तिला बाजूला केलं. "तेवढ्या लांब हात दिसते का? सरक." त्यांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला, बंडीवर चढले आणि दोन्ही हातांनी तो जोरजोरात फिरवू लागले.

मित्रांनो, हा रस्ता आता रुंद होणार आहे. परवा माणसं पट्टी लावून गेली. मला उपटून कुठल्या तरी पुलाच्या भरावात टाकतील. टाकू द्या. लाव्ह्यातून आलेल्याला मातीत जायची कसली भीती? पण माझी जागा जपा. शाळेपासून साडेचार किलोमीटर मोजा आणि तिथे एक संत्रं ठेवा. कोणी रंगावरून भांडायला आलं, तर त्यांना एकदा तिथे उभं करा आणि शाळेकडे पाहायला सांगा. आणि तिकडे ठिपका चमकला, तर तो कोणत्या वस्तीतला, हे विचारत बसू नका. तिकडे कोणीतरी हात न हलवता तुमच्यासाठी आरसा धरून उभं आहे. त्याला दिसेल असं काहीतरी हलवा.