आंबट राहायला हवं होतं

मी शेनिन जातीची द्राक्षवेल बोलतेय. कळंबच्या शिवारात चहूकडे कपाशी, आणि मधेच आमच्या ओळी. बोलते आहे, पण मान वर करून बोलायला तोंड उरलेलं नाही.

माझी काडी दिंडोरीकडची. तिथं दिवसा ऊन असलं तरी रात्री गार, त्यामुळे मण्यातला आंबटपणा टिकून राहतो. बुडबुड्यांच्या वाईनला नेमका तोच लागतो. आधी साधी वाईन करतात, तिला बेस वाईन म्हणतात; ती बाटलीत पुन्हा आंबवली की फेस येतो. बेसच मिळमिळीत निघाली, तर फेस काय चाटायचा?

मला इथं आणलं वैष्णवीनं. नाशिकच्या वायनरीत काम करताना तिच्या मनानं घेतलं, आपल्या मातीतली बेस वाईन करायचीच. तिथले अनिमेष सर म्हणाले, "नमुना पसंत पडला तर तुझी द्राक्षं घेऊ, गावात राहूनच काम बघ." नाही पडला, तर तिनं नाशिकला परतायचं. घरी आई मथुराबाई एकटी.

फेब्रुवारीत मणी भरले. वैष्णवीनं एक चावला, दात आंबले तशी खूश झाली.

"आई, उद्या तोडू."

"इतके आंबट? पहिला घड चिंतामणीले वाह्याचा असते. आंबट घड देवाले देते काय कोणी? चतुर्थी होऊ दे, मंग तोड."

"गोड झाले तं बिघडते न, आई."

"गोड होऊन कोनाचं बिघडलं वं? लोकं हासतीन तुले."

उन्हाळ्यात याच आईनं आम्हाला घागरीनं पाणी घातलं होतं. वैष्णवीला तिचा शब्द मोडवेना.

आणि मी? मथुराबाई रोज यायच्या, मणी तोंडात टाकायच्या. "साखर झाली वं माय!" मी फुलून जायचे. इथल्या रात्रीही कोमट, अंगातला आंबटपणा उडत चालला होता. मला कळत होतं. पण कौतुक कोणाला नको असतं? आता त्याचीच लाज वाटते.

चतुर्थीला घड मंदिरात गेला आणि तोड झाली. बांधाकडे कोलंबार्ड जातीच्या मोजक्या वेली होत्या. त्यांची द्राक्षंही त्याच दिवशी तोडून वेगळी आंबवली. दोन्ही नमुने नाशिकला गेले.

सरांचा फोन आला तेव्हा मायलेकी माझ्याजवळच उभ्या होत्या. "शेनिन गोडसर आहे, पण धार नाही गं. इकडची शेनिन अशी नसते. कोलंबार्ड मात्र तुमच्या उन्हातही आंबट राहिलीय. पण ती एवढीशीच. सगळा मळा तिचा कर, मग पाहू."

वैष्णवी घराकडे गेली. मथुराबाई माझ्या खोडाला धरून खाली बसल्या. "म्याच थांबवलं तिले," म्हणाल्या आणि रडल्या. नाही हो बाई, मीही गोड होत गेलेच की! पण वेलीचं कोण ऐकतंय?

आता पावसाळा सरत आलाय. मायलेकी करवत घेऊन आल्यात. मला वरून कापून खोडावर कोलंबार्डची काडी बसवायची आहे. वैष्णवीनं करवत टेकवली आणि तिचा हात अडला.

"काहून थांबली? काप," मथुराबाई म्हणाल्या. "पुढच्या साली पहिला घड आंबटच नेतो मी. देवाले सांगतो, बाप्पा, तोंड वाकडं कर, पन खाऊन घे. माही पोर घरी राह्यली पाह्यजे."

वैष्णवी हसली, मग बाहीनं डोळे पुसले.

काप, पोरी. माझ्यापायी तुझं घर सुटणार होतं, ते ओझं तरी उतरेल. खोड आणि मुळं ठेवून घे, त्यांना ही माती ओळखीची झाली आहे. येणारीला मी पोटभर पाणी पाजेन. एवढंच मागते, तिला कोणी गोड हो म्हणू नका.