मागच्या पायरीवरचा पाइप

उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर, बाहेरच्या कोपऱ्यापासून तांदळाच्या दाण्याइतकं अंतर सोडून, एक लाल गाठ आली होती. ज्वारीएवढी. मधोमध एका केसाच्या मुळाशी पिवळा ठिपका होता. काल रात्री हीच गाठ मोहरीएवढी होती. नीलमने टॉर्च बंद केला.

“रांजणवाडी आहे, आबासाहेब.”

“म्हणजे गुहेरीच ना,” सूर्याजीराव म्हणाले. सगळा जन्म ग्वाल्हेरात गेल्यावर माणसाला आजारांची नावंही हिंदीतच आठवतात. “मग आता सोमवारचं कसं?”

प्रश्न काळजीचा होता, पण आवाज शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोराचा होता.

सोमवारी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ही तिसरी तारीख. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी खोकला लागला होता, दुसऱ्या वेळी पोट बिघडलं होतं, आणि आता ही माशी शिंकली होती. गुहेरी उजव्या डोळ्याला आणि ऑपरेशन डाव्याचं, हे नीलमने बोलून दाखवलं नाही, कारण दवाखान्याच्या कागदावर स्वच्छ छापलं होतं की कुठल्याही पापणीला पू असेल तर आधी कळवा. डॉक्टरांनी जानेवारीतच बजावलं होतं की आता फार थांबलात तर मोतीबिंदू कडक होत जाईल आणि काम अवघड होईल. त्या डोळ्याला हातभर अंतरावरची बोटंसुद्धा मोजता येत नव्हती. उजवाही हळूहळू त्याच वाटेने चालला होता.

हे सगळं घरात माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सूर्याजीरावांनी जलसंसाधन खात्यात सदतीस वर्षं धरणाच्या पाण्याची पातळी वाचली होती. काठावर उभं राहून पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा सांगायचा, तोही चष्म्याशिवाय, हा त्यांचा लौकिक. ते अजून रोज सकाळी पेपर उघडून बसत. मंगळवारी त्यांनी रविवारचा पेपर वाचला होता, आणि नीलमने तो मुकाट्याने उचलून ठेवला होता. त्यांच्या वडिलांचा एक डोळा फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरातल्या ऑपरेशननंतर गेला होता. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. सासूबाईंनी जाण्याआधी एकदा सांगितलं, तेव्हा नीलमला कळलं. ऑपरेशनचा विषय निघाला की सूर्याजीराव एकच शब्द बोलत : “बघू.” ज्याला दिसत नाही त्याने हा शब्द दिवसातून इतक्या वेळा वापरावा, याचा नीलमला आता मनापासून वैताग आला होता.

वैतागायला तेवढंच एक कारण नव्हतं. सकाळच्या चहाबरोबर तक्रारींची हजेरी व्हायची. तळपाय जळतात. ढेकर अर्ध्यावर अडकतो. डाव्या कानात कोणीतरी चणे भाजतंय. आणि गेले चार दिवस त्यात एक भर पडली होती, तिचा शरीराशी काही संबंध नव्हता. रोज ऊन चढलं की मागच्या पायरीवर, कूलरच्या खाली, पाण्याचा रबरी पाइप साडेतीन फूट पसरलेला असतो, तो गुंडाळून ठेवा, एखादा त्यात पाय अडकून पडेल. नीलमने दोनदा सांगितलं होतं की पाइप खुंटीवर टांगलेला आहे. तिसऱ्यांदा तिने नुसतं “हो” म्हटलं होतं.

मुरारहून ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या शाळेत जायला तिला पाऊण तास लागे. एप्रिलचं नवं सत्र, अकरावीचा जीवशास्त्राचा नवा वर्ग. तिने सूर्याजीरावांना गरम पाण्याच्या घडीने शेकायला सांगितलं, लसूण चोळू नका म्हणून बजावलं, आणि मुलगी रुचिका अकराच्या सुमारास कॉलेजातून येईल असं सांगून ती निघाली. दारात तिने मागे वळून पाहिलं तेव्हा ते आरशासमोर उभे राहून गाठ बोटाने दाबत होते.  

सव्वाअकराला रुचिकाचा फोन आला.

“मम्मी, तू जल्दी घरी ये. आपल्याकडे गुहेरा निकला है. तोमर आंटीने पकडनेवाल्याला बुलवलंय, पूरी गली जमा झालीय. आणि आबांना शायद काटा भी है.”

“कुठे चावलं?”

“पता नहीं ना. ते काही सांगतच नाहीयेत, आरामात बसलेत.”

गुहेरा म्हणजे घोरपड. ती विषारी नसते, हे नीलम दरवर्षी वर्गात सांगत असे, आणि दरवर्षी अर्धा वर्ग तिच्याकडे अविश्वासाने बघत असे. या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की गुहेरा चावला तर माणसाला पाणी मागायचीही सवड मिळत नाही. पण विष नसलं तरी चावा खोल असतो, जखम चिघळते, आणि शहात्तर वर्षांच्या माणसाची जखम लवकर भरत नाही. मुख्याध्यापिकेला सांगून ती निघाली. रिक्षात बसल्यावर सोमवार आता नक्की गेला, हा विचार तिच्या मनात आला, आणि तो सगळ्यात आधी आला याची तिला लाज वाटली.

फाटकाशी पंधरावीस माणसं होती. व्हरांड्यात सूर्याजीराव खुर्चीवर बसले होते, दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर, अंगावर शाल. एप्रिलमध्ये. शेजारच्या तोमरभाभी त्यांना हलू देत नव्हत्या. सूर्याजीरावांचा चेहरा अत्यंत समाधानी होता. त्यांच्या दुखण्याची इतकी कदर या घरात आजवर कोणी केली नव्हती.

साप-घोरपडी पकडणारा माणूस हातात चिमटा आणि पोतं घेऊन उभा होता. कान्होजी त्याचं नाव; मूळचा ग्वाल्हेरच्याच माधवगंजातला, मराठी बोलणारा. त्याने पुढचं अंगण तपासलं होतं, पलंगाखाली पाहिलं होतं, आता तो पुन्हा सूर्याजीरावांसमोर येऊन विचारत होता की नेमकं चावलं कुठे.

“चावायला काय झालंय?” सूर्याजीराव म्हणाले. “आलीय इथे.” आणि त्यांनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं.

कान्होजी वाकला, डोळ्यात पाहिलं, आणि तोंडावर हात धरून बाजूला झाला.

मग हळूहळू उलगडा झाला. सकाळी भिंतीपलीकडून तोमरभाभींनी तब्येत विचारली होती. सूर्याजीरावांना गुहेरी हा शब्द आपल्या दुखण्याला फार लहान वाटला. छोटी असली की ती डबी आणि मोठा असला की तो डबा, या हिशोबाने त्यांनी गुहेरीचा गुहेरा करून टाकला होता. “भाभीजी, आज तो गुहेरा निकल आया है. चार दिन से छोटा था, आज बड़ा हो गया. बहुत दर्द है.” पेशवाईत ध चा मा झाला होता, मुरारमध्ये री चा रा झाला. पुढचं सगळं तोमरभाभींनी केलं.

“मैंने कहा पैर ऊपर कर लो, तो कर लिए,” त्या म्हणाल्या. “मैंने कहा हिलना मत, तो हिले नहीं. मैं क्या जानूँ.”

गल्ली हसली. तोमरभाभींना राग आला, मग त्याही हसल्या. नीलमने सगळ्यांची माफी मागितली, कान्होजीला पाणी दिलं आणि फेरीचे पैसे विचारले. तो नको म्हणत होता. माणसं पांगायला लागली.

ज्याच्यावर सगळे हसतात त्या माणसाला काहीतरी कामाचं बोलून पत सावरावीशी वाटते. सूर्याजीराव शाल टाकून उठले आणि काठी टेकत घरातून मागच्या दाराकडे निघाले. इतकी माणसं जमतात, पण घरातली एक वस्तू जागेवर ठेवणं कोणाला जमत नाही, असं ते मोठ्याने बोलत होते. चार दिवस कानीकपाळी ओरडतोय. आता मीच उचलतो.

नीलम त्यांच्यामागे गेली, ती त्यांना थांबवायला नाही, खुंटीवरचा पाइप एकदाचा दाखवून द्यायला. मागच्या दारात ती पोचली तेव्हा ते पायरीवर वाकत होते. कूलरखालच्या ओल्या सावलीत, भिंतीला लागून, साडेतीन फूट लांब काहीतरी आडवं पडलं होतं. मातकट, खवल्याखवल्यांचं. एका टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. दुसऱ्या टोकाला जीभ बाहेर आली, दुभंगलेली, आणि आत गेली.

सूर्याजीरावांचा हात त्यापासून वीतभर होता.

“आबासाहेब, हात मागे घ्या,” नीलम म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता, सपाट. “तसेच मागे या. माझ्याकडे.”

“अगं, पाइपच तर...”

पाइपने शेपूट आपटलं. कूलरचा पत्रा दणाणला. नीलमने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, आणि मागून आलेला कान्होजी दोघांच्या बाजूने पुढे गेला. पुढचं काम त्याने मिनिटभरात उरकलं. मान चिमट्यात, शेपूट मुठीत, मग पोतं. पोत्याचं तोंड बांधताना तो सांगत होता की थंडाव्याला येते बिचारी, चांगली पोसलेली मादी आहे, टेकडीकडे नेऊन सोडतो. मग त्याला पुढच्या दारावरची पाटी आठवली आणि तो सहज हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

“आबासाहेब, आपण घोरपडे ना? आणि घोरपड ओळखली नाही?”

या घरात पाहुणा आला की पहिल्या चहाबरोबर घोरपडे घराण्याची गोष्ट सांगितली जाई. कुणा पूर्वजाने घोरपडीला दोर बांधून गड सर केला, तेव्हापासूनचं हे आडनाव. रुचिकाच्या मैत्रिणींना ती गोष्ट पाठ होती. सूर्याजीराव हसले, म्हणाले, ओळखली होती हो, गंमत करत होतो. पण कान्होजी गेल्यावर ते व्हरांड्यात गेले नाहीत. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहिले.

नीलमला भांडायचं होतं. सबंध वाक्यं तयार होती. पण पायरीवरचा ओला पट्टा पुसताना तिच्या लक्षात आलं की चार दिवस या माणसाने जागा बरोबर सांगितली होती, लांबी बरोबर सांगितली होती, वेळही बरोबर सांगितली होती. चुकला होता तो फक्त निष्कर्ष. आणि पोरींना आधी निरीक्षण, मग निष्कर्ष असं शिकवणारी ती, दार उघडून पाहायला एकदाही गेली नव्हती. त्यामुळे वैताग गेला नाही. तो फक्त आता दोन माणसांवर वाटला गेला.

तिने पाणी गरम केलं, मऊ फडक्याची घडी केली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवली. मग त्यांच्या समोरच बसून दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या मुलीने सांगितलं की गुहेरी आहे तर सोमवार रद्द, दिवसातून चार वेळा शेका, ती पूर्ण बसू द्या. पुढचा सोमवार भरलाय. त्यानंतरचा, सत्तावीस तारखेचा, एक रिकामा आहे, पण मागच्या दोन वेळांसारखं करायचं असेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्याला देता येईल.

नीलमने फोनवर हात ठेवला.

“आबासाहेब, सत्तावीस विचारतायत. काय सांगू?”

ते घडीवर हात दाबून बसले होते. दुसरा डोळा उघडा होता आणि तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होता, जिथे ती असावी असं त्यांना वाटलं होतं तिथे.

“सूनबाई, तो आपला पाइप कुठल्या रंगाचा आहे?”

“हिरवा.”

“हिरवा,” ते म्हणाले.  फोनमधली मुलगी दोनदा हॅलो म्हणाली. नीलमने सासऱ्यांना घाई केली नाही. “मला तो आणि ती, दोन्ही एकच दिसलं. आमच्या वडिलांचा डोळा गेला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तेव्हापासून वाटायचं, आहे तेवढं तरी राहू दे. पण आहे तेवढं म्हणजे किती, ते आज कळलं.”

“हो.”

“तिला सांग, दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणावं.” त्यांनी घडी डोळ्यावरून काढली. “सत्तावीस तारीख लिही. सूर्याजीराव घोरपडे. मला दिसत नाही, आणि मला ऑपरेशन करायचंय.”